कडकरावांचा मऊ शर्ट

इस्त्रीच्या टेबलाच्या उजव्या कडेला जे ठेवलं जाईल त्याला इस्त्री होणार, हा त्या लाँड्रीचा अलिखित कायदा होता. गिऱ्हाइकांचे शर्ट आणि पँटी तर तिथे असायच्याच. पण चुकून ठेवलेला चहाचा फडका, लेकीची कापडी पिशवी, समोरच्या गादीवाल्याने बोलता बोलता टेकवलेली टोपी, अशा कित्येक बिचाऱ्या वस्तू उजवीकडून शिरून डावीकडून कडक होऊन निघाल्या होत्या. ती टोपी गादीवाल्याला नंतर डोक्यात घालताच येईना. ताटलीसारखी हातात धरून तो ती घरी घेऊन गेला होता.

लाँड्रीच्या मालकांना सगळी गल्ली कडकराव म्हणत असे. स्वभावात कडक असं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते सगळं इस्त्रीत गेलं होतं. त्यांनी घडी घातलेला शर्ट भिंतीला टेकवून उभा करता येत असे. खळ ते स्वतः घरी शिजवत. तिच्यात काय पडतं हे बायकोलाही ठाऊक नव्हतं, आणि दुकानाच्या पाटीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : 'धुऊनही न मोडणारी इस्त्री.'

पण कडकरावांचं खरं गुपित वेगळंच होतं. इस्त्री तापली, ओलसर कापडावर ती टेकली आणि पहिली वाफ उठली, की त्यांचं मन उठून बाहेर निघून जायचं. वाफेत त्यांना तळी दिसायची, धुक्यातले डोंगर दिसायचे, कधी न पाहिलेल्या गावांतल्या कधी न भेटलेल्या माणसांशी ते गप्पा मारून यायचे. हात मात्र टेबलाशी राहून इमानेइतबारे काम करत असायचे. उजवीकडून उचल, पाणी शिंपड, खळ मार, कॉलर, खांदे, बाह्या, घडी, डावीकडे. संध्याकाळी डावीकडचा ढीग बघून कडकरावांना रोज नव्याने आश्चर्य वाटायचं, की एवढं सगळं केलं कुणी?

तर अशा ह्या माणसाच्या घरात तो शर्ट आला.

शर्ट साधासुधा नव्हता. त्याचा कापूस म्हणे औषधं न मारता पिकवलेला. रंग म्हणे दुधावरच्या सायीसारखा, पण कापसाचा स्वतःचा. शिवणाऱ्या बायका म्हणे उजेडात खिडकीजवळ बसणाऱ्या, पोटभर पगार घेणाऱ्या आणि कंटाळा आला की उठून पाय मोकळे करून येणाऱ्या. ह्यातलं प्रत्येक 'म्हणे' कडकरावांनी मनातल्या मनात जोडलेलं होतं. लेक सांगायची तेव्हा त्यात एकही 'म्हणे' नसायचं. तिचं त्या शर्टाशी नातंच निराळं होतं. तो शर्ट बनवणाऱ्या छोट्याशा कारखान्याचा तरुण मालक तिला आवडला होता आणि त्याच्याशी तिला लग्न करायचं होतं.

महिन्यापूर्वी तो पहिल्यांदा घरी आला, तोच मुळी स्वतः बनवलेला शर्ट घालून. त्या शर्टावर इतक्या सुरकुत्या होत्या, की तो नुकताच बरणीतून ओढून काढला असावा असं वाटत होतं. कडकरावांना त्याचा चेहरा दिसलाच नाही. तो माती, गांडुळं, विहिरीचं पाणी आणि खिडकीजवळच्या बायका ह्यांबद्दल तळमळीने बोलत राहिला आणि कडकराव त्याच्या कॉलरकडे टक लावून तितक्याच तळमळीने म्हणत राहिले, "हो का? अच्छा. वा वा. तुम्ही अजून थोडा चहा घ्या ना." तो गेल्यावर त्यांनी त्याचं नाव चुरगळे ठेवलं. घरात हे नाव इतकं रुजलं, की एकदा बायकोने हळूच विचारलं, "आडनाव खरंच चुरगळे आहे का हो त्याचं?"

जाताना चुरगळ्याने तसाच एक शर्ट कडकरावांना भेट दिला. कॉलरच्या आत छोटी कापडी पट्टी शिवलेली होती. 'थंड पाण्यात धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. इस्त्री करू नका.'

"इस्त्री करू नका!" कडकराव बायकोला म्हणाले. "माझा उभा जन्म ह्या टेबलामागे गेला, आणि हा मला माझ्या घरात येऊन सांगतो, इस्त्री करू नका!"

"मग त्याला का नाही बोललात तसं?"

"पाहुण्याला कसं बोलायचं?"

लेकीला नेमकं हेच लागलं होतं. "बाबा, त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोललात."

"मग गिऱ्हाइकाशी काय वाईट बोलतो का मी?"

"तेच तर म्हणते मी."

कडकराव स्वतःच्या बाहीवरची रेघ बोटाने सरळ करू लागले. शेवटी लेकच जवळ येऊन बसली. "तुम्हाला तोंडानं हो म्हणता येत नाही, मला माहितीये. मी परीक्षेत पहिली आले तेव्हासुद्धा तुम्ही नुसतं म्हणालात, गणवेश दे, इस्त्री करतो. तर काही बोलू नका. येत्या रविवारी दुपारी तो परत येणार आहे. तेव्हा हा शर्ट घाला. आहे तसा, इस्त्री न करता. मी समजेन काय ते."

"आणि नाही घातला तर?"

"तरी समजेन." एवढं बोलून ती उठून गेली.

सगळा आठवडा कडकरावांनी विचार केला. पोरीवर त्यांचा जीव होता. तिने आजवर काही मागितलं नव्हतं. आणि आता मागितलं तर काय, एक शर्ट इस्त्रीशिवाय घाला एवढंच. मुलगा वाईट नव्हता. चुरगळलेला होता, पण वाईट नव्हता. शनिवारी भाकरतुकडा खाताना ते स्वतःशीच मान हलवून 'घालू' म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हलकं वाटलं.

रविवारी सकाळी लेक बाहेर पडली. येताना त्याला घेऊनच येणार होती. कडकरावांकडे थोडं काम उरलं होतं, तेवढं उरकावं म्हणून ते दुकानात गेले. शर्ट घालायचा विसर पडू नये, सतत डोळ्यांसमोर असावा, म्हणून त्यांनी तो बरोबर आणला आणि जपून, दोन्ही हातांनी, टेबलाच्या उजव्या कडेला ठेवला.

गल्ली रविवारच्या सुस्तीत पडलेली होती. खिडकीतून उन्हाचा एक लांबट तुकडा फरशीवर उतरला होता आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती. वाफ उठली. त्या वाफेत आज तळी नव्हती, डोंगर नव्हते. आज लेक होती. कपड्यांच्या गाठोड्यावर दुपारची झोपायची ती इवलीशी लेक. गिऱ्हाइकांच्या शर्टांच्या बटणांचे गालावर वळ उमटायचे तिच्या. मग ती मोठी झाली, फ्रॉकची साडी झाली, आणि वाफेतूनच कुठेतरी चालत चालत एका लांबच्या घरी गेली. त्या घराच्या दारात कडकराव उभे होते आणि आतून ती म्हणत होती, बाबा, आत या ना, बूट राहू द्या. कडकरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते खांद्याला पुसले आणि शेवटचा शर्ट डावीकडच्या ढिगावर ठेवला.

ठेवल्यावर त्यांनी सवयीने त्यावर नजर टाकली आणि क्षणभर त्यांना अभिमानच वाटला. काय काम झालं होतं! कॉलर तलवारीसारखी. बाहीवरची रेघ अशी, की तिच्यावर बोट कापावं. आणि रंग तरी किती सुंदर, दुधावरच्या सायीसारखा.

मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं!" ते ओरडले. "अगं ए! लवकर ये!"

बायको मागच्या दारातून धावत आली. तिने ढिगाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उजवीकडे ठेवलात?"

"विसरू नये म्हणून."

"कोणी? तुम्ही स्वतः?"

"आता कोणी ठेवला ते काय घेऊन बसलीस? पोरगी काय समजेल? तिला वाटेल मी मुद्दाम केलं. तिला वाटेल, बाबांनी नाही म्हटलं, आणि तेसुद्धा खळ लावून म्हटलं!"

"मग चुरगळा तो."

सोपं होतं. कडकरावांनी शर्ट उचलला आणि दोन्ही मुठींत धरला. पण मुठी मिटेनात. ज्या हातांनी आयुष्यभर सुरकुत्या मोडल्या त्यांना सुरकुती पाडणं जिवावर आलं होतं. शेवटी त्यांनी डोळे मिटून शर्ट दाबला. कडकन आवाज झाला. शर्टाला पुठ्ठ्याला पडावेत तसे दोन कोन पडले आणि सोडल्याबरोबर तो पुन्हा सरळ झाला.

"बसून बघा त्याच्यावर," बायको म्हणाली.

कडकराव बसले. मग बायको बसली. मग दोघं एकाच वेळी बसले. उठल्यावर शर्टावर एक आडवी घडी तेवढी जास्त दिसत होती, आणि तीही सुबक.

"तुमच्या पाटीवर लिहिलेलं खरं आहे हो," बायको म्हणाली. तिला पहिल्यांदाच खात्री पटली होती.

आता धुण्याशिवाय इलाज नव्हता. खळ गरम पाण्यात चांगली सुटते; पण पट्टीवर थंड पाणी लिहिलेलं, आणि एक नियम मोडला होता तेवढा पुरे, असं कडकरावांनी ठरवलं. थंड पाण्याच्या बादलीत शर्ट बुडवला तर तो बुडेचना. हात पसरून तो तरंगत राहिला. त्याला खाली दाबून धरावं लागलं. पाणी पांढरं झालं, बदललं. पुन्हा पांढरं झालं, पुन्हा बदललं. किती पाणी झालं ते मोजायचं सोडून दिल्यावर कुठे शर्ट जरा नरम आला. पण आता तो ठिबकत होता. पिळायची सोय नव्हती आणि उन्हात टाकायचीही नव्हती.

"समोर पंखा आहे," बायको म्हणाली. "गादीवाल्याकडे. भलामोठा."

गादीवाला हा गल्लीतला सर्वांत सुखी माणूस. दुकानात गाद्या, उशा, लोड आणि मधोमध तो. गिऱ्हाईक आलं तर तो पडल्या पडल्या भाव सांगायचा, आणि गादी कशी आहे असं विचारलं तर उत्तरादाखल कूस बदलायचा. कडकराव ठिबकता शर्ट घेऊन आत शिरले तेव्हा त्याने एक डोळा उघडला.

"टोपीनंतर आता शर्ट?" तो म्हणाला.

कडकरावांनी सगळी हकीगत सांगितली. गादीवाल्याने दुसराही डोळा उघडला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्याने उठून पंखा सुरू केला, शर्ट त्याच्यासमोर दोरीवर अडकवला आणि पंखा पूर्ण वेगाने सोडला. ह्या पंख्यासमोर सकाळीच त्याने एक गादी उसवली होती हे मात्र तो विसरला होता.

पहिल्यांदा एक पुंजका उडाला. मग दुसरा. मग कोपऱ्यातला सगळा ढीगच एकदम उठला. दुकानात पांढरं धुकं पसरलं, संथपणे गोल फिरू लागलं आणि फिरता फिरता ओल्या शर्टाला चिकटत गेलं. पंखा थांबवेपर्यंत दोरीवर शर्टाच्या जागी मेंढी लटकत होती.

"कापूसच आहे ना दोन्हीकडे?" गादीवाला म्हणाला. "मग त्यात काय एवढं!"

"ह्याला कापूस म्हणतात आणि त्याला शर्ट म्हणतात," कडकराव रडकुंडीला येऊन म्हणाले.

मग दोघं जण समोरासमोर बसून शर्ट निवडू लागले. पुंजके चिमटीत धरून काढायचे आणि फुंकर मारून उडवायचे, असं काम बराच वेळ चाललं. बायको मधूनच चहा देऊन गेली आणि जाताना म्हणाली, "मी घर आवरते. तुम्ही शर्ट घालूनच या." शेवटी मेंढीतून शर्ट बाहेर आला. कोरडा होता, स्वच्छ होता. फक्त वाऱ्यात ताणून वाळल्यामुळे पुन्हा इस्त्री केल्यासारखा दिसत होता.

कडकराव मटकन खाली बसले. "संपलं," ते म्हणाले. "पोरगी एकदा बघेल आणि काही बोलणार नाही. ती काही बोलत नाही ना, ह्याचीच मला भीती वाटते."

गादीवाल्याने जांभई दिली. आयुष्यातले सगळे महत्त्वाचे निर्णय तो जांभईनंतर घ्यायचा. "मी एक सांगू? कधी माझा शर्ट बघितलायस नीट?"

कडकरावांनी बघितला. आजवर त्या शर्टाकडे बघायचं त्यांनी जाणूनबुजून टाळलं होतं. त्याच्यावर इतक्या आणि इतक्या खऱ्या सुरकुत्या होत्या, की आज त्यांना त्याचा हेवा वाटला.

"हाताने चुरगळून असं होत नाही," गादीवाला म्हणाला. "ह्याला झोपावं लागतं. घाल तो आणि ही नवी गादी घे. मी उठवतो तुला वेळेवर."

"मला दिवसा झोप येत नाही."

"ते माझ्याकडे लागलं."

कडकरावांनी शर्ट अंगात घातला. इतके दिवस त्यांनी तो लांबूनच बघितला होता. घालून आजच बघत होते. त्यांचे स्वतःचे शर्ट घालणं म्हणजे अंगाला दार लावून घेण्यासारखं असायचं. मान वळवायची तर खांद्याला विचारून वळवावी लागे. हा शर्ट अंगाला लागलाच नाही. खांद्यावर कुणीतरी आपलेपणाने हात ठेवावा तसा तो नुसता येऊन बसला. काखेत टोचेना, मानेला घासेना. कडकराव गादीवर आडवे झाले, पाठीखाली एकही कडक घडी नाही हे त्यांच्या पाठीला नवलाचं वाटलं, आणि 'मला झोप येणारच नाही' असं ते अर्धंच म्हणाले.

स्वप्नात ते एका कापसाच्या रानात उभे होते. बोंडं उमलत होती आणि उमलताना अगदी बारीक आवाज येत होता. कडकरावांच्या हातात इस्त्री होती. समोर आभाळभर ढग, आणि सगळे चुरगळलेले. सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना. तेवढ्यात एका खिडकीजवळ शिवत बसलेली बाई म्हणाली, "बसा की जरा. घाई कसली आहे?" तिने शिवणकाम बाजूला ठेवलं आणि पाय पसरले. कडकरावांनीही पसरले. बांधावरून शर्टांची एक रांग चालत गेली, आत माणसं नसलेली, बाह्या हलवत, गप्पा मारत. जवळून पाण्याचा पाट वाहत होता. हातातली इस्त्री ठेवायला जागा सापडेना म्हणून कडकरावांनी ती पाटात सोडली. ती बुडाली नाही. नावेसारखी डुलत डुलत ती वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. आणि गंमत म्हणजे कडकरावांना जराही वाईट वाटलं नाही.

"बाबा."

"इस्त्री वाहून गेली," कडकराव म्हणाले.

"बाबा! उठा!"

त्यांनी डोळे उघडले. वर लेकीचा चेहरा होता, आणि तो रडून लाल झाला होता. शेजारच्या गादीवर गादीवाला, त्यांना वेळेवर उठवणार होता तो, तोंड उघडं टाकून घोरत होता.

"किती वेळ शोधतेय मी तुम्हाला!" लेक म्हणाली. "घरी नाही, दुकानात नाही, शर्टही जागेवर नाही. आई म्हणतेय येतीलच, येतीलच, पण कुठे गेलात ते सांगतच नाही. मला वाटलं, तुम्हाला नाही म्हणवेना म्हणून तुम्ही कुठंतरी निघूनच..."

पुढे तिला बोलता आलं नाही, कारण कडकराव उठून बसले होते आणि आता तिला शर्ट दिसला होता. गादीवाल्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. खांद्यापासून खालच्या शिवणीपर्यंत, छातीवर, पोटावर, बाह्यांवर, शर्ट मनसोक्त, सढळ हाताने चुरगळला होता. डोक्यावर कापसाचे दोन पुंजके होते. इतके अव्यवस्थित बाबा लेकीने जन्मात पाहिले नव्हते.

"बाबा," ती एवढंच म्हणाली आणि त्यांच्या शेजारी गादीवर बसली.

दारात चुरगळे उभा होता. म्हणजे तो तोच असावा, असा कडकरावांनी अंदाज केला. कारण आज तो ताठ होता. इतका ताठ, की दारातून आत यायचं तर कमरेत वाकता येत नव्हतं. त्याच्या अंगातल्या त्याच सायीच्या रंगाच्या शर्टाला कडकडीत इस्त्री केलेली होती. आणि काय ती इस्त्री! एका बाहीवर दोन रेघा. कॉलरवर भाजल्याचा पिवळा डाग. पाठीवर एक घडी चुकून कायमची दाबून टाकलेली.

"नमस्कार," तो मान न वळवता म्हणाला.

"या, या," कडकराव सवयीने म्हणाले. "तुम्ही बसा ना."

"बसलो असतो," चुरगळे म्हणाला, "पण मोडेल."

तो जपून जवळ आला. त्याची नजर कडकरावांच्या शर्टावर गेली आणि उजव्या बाहीवर येऊन थांबली. पुढे वाकता येत नव्हतं म्हणून त्याने कडकरावांचा हातच उचलून डोळ्यांपाशी नेला. सगळ्या सुरकुत्यांच्या गर्दीतून खांद्यापासून मनगटापर्यंत एक रेघ गेली होती. भांगासारखी सरळ. धुण्यातून, वाऱ्यातून, झोपेतून वाचलेली.

"ह्याला इस्त्री केलीये," तो म्हणाला.

लेकीने रेघेकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"बाबा? तुम्ही केलीत?"

"केली," कडकराव म्हणाले. "म्हणजे मी नाही केली. हातांनी केली. मी नव्हतोच तिथे!" आणि मग त्यांना थांबताच येईना. उजवी कडा, खळ, बसणं, पुन्हा बसणं, बादली, पंखा, मेंढी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "सकाळपासून हा शर्ट चुरगळायला मरतोय मी. उभ्या जन्मात एक रुमाल मुद्दाम चुरगळला नव्हता मी. मला तुला हो म्हणायचं होतं गं पोरी. हात ऐकत नाहीत, त्याला मी काय करू? मला हो म्हणायचंय. हो. हो!"

लेक हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "बाबा, तोंडानं म्हणालात तुम्ही."

कडकरावांना स्वतःलाच धक्का बसला. पण चुरगळ्याचं ह्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. तो अजून बाही धरून उभा होता.

"एवढं धुऊनही राहिली?" तो भारावून म्हणाला. "खळीत घालता तरी काय तुम्ही? मी सकाळपासून ह्या एका शर्टाशी झटतोय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. जमतच नाही. पण खरं सांगू, आरशात बघितलं आणि मला पटलं. काय रुबाब येतो! मी ठरवलंय, ती पट्टीच बदलायची. पुढच्या शर्टांवर छापून टाकतो, खुशाल इस्त्री करा."

"काय?" कडकराव गादीवर उभे राहिले. "खुशाल?"

"हो ना. तुमचंच बरोबर होतं."

"माझं काय बरोबर होतं? काही बरोबर नव्हतं! तुम्ही झोपलाय का कधी ह्या शर्टात?"

"झोपायला कशाला? शर्ट काय झोपायला असतो?"

"बघा! स्वतः बनवतात आणि ह्यांनाच माहीत नाही! त्या बाया तिथे खिडकीजवळ बसून जिवापाड शिवतात, पाय मोकळे करतात, पुन्हा शिवतात, ते काय ह्याच्यावर तापलेलं लोखंड फिरवायला?"

"पण लोकांना रेघ आवडते. ही तुमचीच रेघ बघा ना, किती..."

"खबरदार ह्या कापडावर रेघ काढलीस तर!" कडकराव असे काही कडाडले, की घोरणं थांबलं. "मऊ आहे ते, मऊच राहू दे! पट्टी बदलतो म्हणे! अरे गाढवा, त्या पट्टीवर एवढं चांगलं लिहिलंयस, ते कधी वाचलंयस का तू?"

"वाचलंय. मीच लिहिलंय. पण तुम्ही ऐकून तर घ्या..."

"काय ऐकू, कपाळ?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला. आवाज ऐकून तिची आई रस्ता ओलांडून दारात आली होती. लेक धावत तिच्याकडे गेली.

"आई, बाबा त्याला गाढव म्हणाले!"

"ऐकलं मी," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कसलीही काळजी दिसत नव्हती. उलट ती दाराला टेकून निवांत उभी राहिली होती. "लग्न झाल्यावर कितीतरी दिवस मला 'आपण, आपण' करायचे हे. आपण जेवलात का, आपल्याला काही हवं का. मी रोज रडायची. मग एकदा माझ्या हातून खळ करपली आणि गाढव म्हणाले मला. त्याच दिवशी मी माहेरी कळवलं, आता माझी काळजी करू नका."

आत कडकराव गादीवर आणि चुरगळे जमिनीवर उभे राहून, दोघंही हातवारे करत, एकमेकांचं अजिबात न ऐकता भांडत होते. हातवाऱ्यांमुळे चुरगळ्याच्या शर्टाची इस्त्री खांद्यापासून मोडत चालली होती. लेक आईच्या शेजारी दाराला टेकली आणि बघत राहिली.

"काय झालं?" गादीवाल्याने पडल्या पडल्या विचारलं.

"लग्न ठरलं," आई म्हणाली.

"छान," तो म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपी गेला.